फ्लेक्सवरची कृष्णा: नववी 'ब'च्या प्रकल्प नोंदी

१९ जून

भूगोलातला 'बाह्यप्रक्रिया' हा धडा शिकवायला अजून महिना आहे, तरी वही आजच काढली. कारण मागच्या वर्षीचा एक पेपर. प्रश्न साधा होता: नदीच्या वळणावर क्षरण (झीज) कुठे होतं आणि संचयन (भर) कुठे? एका मुलाने बरोब्बर उलटं लिहिलं. त्याचं घर नदीपासून दोनशे पावलांवर. त्याच्या आजोबांच्या नदीकाठच्या मळीतली तीन-साडेतीन गुंठे जमीन २०१९ च्या महापुरात काठासकट गेली आणि पलीकडच्या गावाच्या बाजूला वाळूचा थर वाढला. हे त्याला तोंडी विचारलं असतं तर हात करून दाखवलं असतं. पेपरात मात्र 'अंतर्वक्र काठ' आणि 'बहिर्वक्र काठ' हे दोन शब्द आले आणि त्याने नाणेफेक केली.

शब्दांची गंमत बघा. वळणाच्या बाहेरचा काठ पाण्यापासून मागे सरलेला, खोलगट, म्हणून तो 'अंतर्वक्र'. आतला काठ पाण्यात फुगून आलेला, म्हणून तो 'बहिर्वक्र'. म्हणजे बाहेरचा तो अंतर् आणि आतला तो बहिर्! मीही दर वर्षी शिकवण्याआधी एकदा हवेत बोट फिरवून खात्री करून घेते. दोष त्याचा म्हणावा, तर मी फळ्यावर काढलेली नदी तरी कुठे वाहत होती?

यंदा वर्गात वाहती नदी करायची. हेडसरांना विचारलं. "पैसा सोडून काय पण मागा," म्हणाले. मोडके बाक मागितले.

२२ जून

नदीच्या पाटाची चौकट तयार. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, पाच इंच खोल. फळ्या मोडक्या बाकांच्या, खिळे शिपाईमामांच्या डब्यातले. पाणी धरायला आत काय घालायचं यावर बराच खल झाला. ताडपत्री महाग, प्लॅस्टिकचा कागद फाटतो. शेवटी एक मुलगी चौकातल्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स घेऊन आली. जाड, बिनजोड, पाणी अजिबात गळत नाही. शुभेच्छुकांची नावं एका टोकाला, भाऊंचा चेहरा बरोब्बर मधोमध.

वाळू नदीची मिळणं आता दुरापास्त, आणि मिळाली तरी विद्यार्थ्यांसमोर ती कुठून आली हे सांगायची पंचाईत. म्हणून एका घराच्या बांधकामावरून सहा घमेली क्रश सँड आणली. दगड भरडून केलेली, काळसर, कोनेदार कणांची. नदीची वाळू घासून गुळगुळीत झालेली असते, हा फरक भिंगाखाली दाखवला. पहिला धडा नदी वाहण्याआधीच झाला.

सगळं भरल्यावर वजन शंभर किलोच्या वर गेलं असावं. टेबलावर ठेवायचा बेत होता, तो व्हरांड्यातल्या फरशीवर आला. भिजल्यावर हा पाट कोणी हलवू शकणार नाही, तेव्हा जागा आधी ठरवा आणि मग भरा, हे कुणी मला सांगायला हवं होतं.

२५ जून

पहिली धार. सलाईनची नवी नळी मेडिकलमधून आणली होती. तिच्या चाकाने पाणी कमी-जास्त करता येतं म्हणून मी फार खूश होते. वरच्या टोकाला धार सोडली. अख्खा वर्ग पाटाभोवती उकिडवा. पाणी वाळूत गेलं. अजून सोडलं, तेही गेलं. दहा मिनिटं झाली.

"मॅडम, नदी गायब झाली की ओ."

हसू आलं, पण हेच तर हवं होतं. एका लिटरच्या डब्यात कोरडी वाळू काठोकाठ भरून तिच्यात किती पाणी मावतं ते मोजायला लावलं. साधारण साडेतीनशे मिलिलिटर. पाटात वाळू सत्तर लिटरच्या आसपास. म्हणजे तिची तहान भागायलाच चोवीस-पंचवीस लिटर पाणी लागणार, आणि आम्ही निघालो होतो सलाईनच्या नळीने! मग कुणीतरी आपणहून म्हणालं की मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्याला पाणी येत नाही ते याच्यामुळेच का. मी मान डोलावली आणि गप्प बसले. शिक्षकाने अशा वेळी पुढचं वाक्य गिळायचं असतं, ते मला अजून नीट जमत नाही.

बादल्यांनी पाट भिजवून ठेवला.

२८ जून

सलाईन गेलं, कूलरचा पंप आला. हा दुसऱ्या टोकाचा चुकीचा निर्णय. चालू करताच तीन मिनिटांत वरच्या टोकापासून खालपर्यंत सरळसोट घळ पडली, वाळू चौकटीबाहेर, आणि घळीच्या तळाशी भाऊंचा चष्मा दिसायला लागला. वर्गात जो काही आरडाओरडा झाला त्याने शेजारच्या वर्गातले सर उठून आले.

आरडाओरडा ओसरल्यावर नीट पाहिलं तर काम झालेलं होतं. नदी चष्म्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. फ्लेक्स काही तिला कापता येईना. मग तिने बाजू खायला घेतल्या. खाली जाता येत नाही म्हटल्यावर आडवी पसरली. फळ्यावर 'कातळ' असं लिहून चष्म्याकडे बाण काढला. तेव्हापासून वर्गाच्या भाषेत कातळाला 'चष्मा' म्हणतात.

संध्याकाळी पंप काढून टाकला. पन्नास लिटरच्या पिंपाला माठाची तोटी बसवली.

२ जुलै

तोटी हाच उत्तम उपाय. पूर्ण उघडली की लिटरचा मग वीस सेकंदांत भरतो. पिंप अर्धं झालं की त्याच मगाला अठ्ठावीस सेकंद लागतात. म्हणजे पिंपातली पातळी उतरते तशी धार मंदावते आणि प्रयोगाच्या शेवटी आपण वेगळ्याच नदीचा अभ्यास करत असतो. म्हणून पिंपावर खुणेची रेघ मारली आणि एकाला कायमचं काम दिलं: खालच्या टोकाला जमलेलं पाणी बादलीने परत वर, रेघ सोडायची नाही. या कामासाठी मारामारी होते. बाकीची कामं आळीपाळीने: घड्याळ, पट्टी, वही, फोटो.

उताराला फरशीचे तुकडे. एकेक दीड सेंटिमीटर जाडीचा, आणि पाटाची लांबी दीडशे सेंटिमीटर. एक फरशी म्हणजे एक टक्का उतार. हिशेब इतका सोपा पडला की मी मनातल्या मनात गवंड्याला नमस्कार केला.

मग मुलांना खऱ्या कृष्णेचा उतार काढायला सांगितला. महाबळेश्वराजवळचा उगम सुमारे १,३३७ मीटर उंचीवर, समुद्रापर्यंतची लांबी सुमारे १,४०० किलोमीटर. सरासरी किलोमीटरमागे एक मीटरसुद्धा नाही, आणि त्यातला बराचसा उतार सुरुवातीच्या घाटातच संपतो. हाच उतार आमच्या पाटाला दिला तर वरचं टोक फक्त दीड मिलिमीटरने उचलावं लागेल. वहीचा पुठ्ठा सारला की झालं! तसं करून पाहिलं. पाणी जागेवर उभं, एक कण हलला नाही.

यावरून अर्धा तास बोलणं झालं. पात्र सहा सेंटिमीटरचं आणि खरी नदी दीडशे मीटरची धरली तर प्रमाण एकास अडीच हजार. मग आमचा मिलिमीटरभराचा कण म्हणजे कृष्णेत अडीच मीटरचा धोंडा. इतके धोंडे हलवायला उतार जास्त लागणारच. कण लहान करावा तर तो चिकटायला लागतो, आणि पाण्याचा दाटपणा काही प्रमाणात लहान होत नाही. एका नकाशासारखं सगळं सारख्या प्रमाणात लहान केलेलं नदीचं मॉडेल चालूच शकत नाही. खडकवासल्याला केंद्राची जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, १९१६ पासूनची. तिथे मोठमोठ्या आवारात नद्या आणि बंदरं मांडलेली असतात. त्या अनुभवी लोकांनाही नदीच्या मॉडेलमध्ये उभं प्रमाण आणि आडवं प्रमाण वेगवेगळं ठेवावं लागतं. हे ऐकल्यावर मुलांना आमच्या पाटाचा जरा आदर वाटायला लागला.

५ जुलै

खालच्या टोकाला वीट आडवी लावून समुद्र केला. वाळूत दोन मुठी पांढरी रांगोळी मिसळली. दोन फरशा उतार. पंधरा मिनिटांत नदीच्या मुखाशी पंखा उघडला. धार एकदा डावीकडून, तिथे भर पडली की उजवीकडून, मग मधून. जाडे कण मुखाशीच बसले आणि पांढरी रांगोळी सगळ्यात लांब, पंख्याच्या कडेला झालरीसारखी. नदीने चाळण मारली, असं वहीत एकीने लिहिलंय. मला याहून चांगलं वाक्य सुचलं नाही, तेच फळ्यावर घेतलं.

वीट काढून समुद्र खाली नेला तर नदीने आपलाच पंखा मधून कापून टाकला आणि कापत कापत वर सरकत गेली. ही मागे सरकणारी पायरी बघायला मुलं इतकी रमली की मधली सुट्टी बुडाली.

जोडीला बाटल्यांचा प्रयोग. गढूळ पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत मूठभर मीठ. मिठाच्या बाटलीतला गाळ गुठळ्या होऊन बसला, दुसरी दुसऱ्या दिवशीही चहाच्या रंगाची. खाडीत चिखल का साचतो, याचं एक कारण टेबलावर.

९ जुलै

आजपासून खरी कुस्ती. नागमोडी वळणं.

पाठ्यपुस्तकातली ती देखणी 'एस'ची आकृती आमच्या पाटात यायला तयार नाही. एक फरशी उतार: सरळ धार, मग ती रुंदावली, मग मध्ये वाळूची बेटं आणि बेटांभोवती चार-पाच वेण्या. दोन फरशा: वेण्याच, फक्त लवकर. तोटी अर्धी बंद: उशिरा वेण्या. बोटाने वळणदार पात्र कोरून पाणी सोडलं. सुरुवातीला झकास: बाहेरचा काठ खचतोय, आतल्या बाजूला वाळू बसतेय, सगळं पुस्तकाबरहुकूम. सात मिनिटांनी काठ इतका खचला की पाणी पसरलं, उथळ झालं, वळणाच्या आतल्या बाजूने शॉर्टकट मारला आणि पुन्हा वेण्या.

तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. शेवटी वहीत 'प्रयोग फसला' लिहायला घेतलं तर मागून आवाज: "मॅडम, ब्रह्मपुत्रा अशीच असत्या की." खरं होतं. ब्रह्मपुत्रा अशीच असते, असंख्य धारांची आणि बेटांची. फसलेलं वाक्य खोडलं. पण मग कृष्णा अशी का नाही? तिची तर सांगलीपर्यंत एकच धार आणि वळणंच वळणं. हा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून ठेवला आणि पुसायचा नाही असं बजावलं.

कामापुरते दोन शब्दही आज ठरले. अंतर्वक्र म्हणजे 'खचता काठ', बहिर्वक्र म्हणजे 'भरता काठ'. परीक्षेत पुस्तकी शब्द लिहायचे, व्हरांड्यात हे.

११ जुलै

एक मध्यंतर, चहाचं. वळणात आतल्या काठाला वाळू का बसते, हे "तिथे वेग कमी असतो" एवढ्यावर मिटवता येतं, पण ते अर्धंच. काचेच्या ग्लासात पाणी, चिमूटभर चहा पावडर, चमच्याने गरागरा फिरवायचं आणि थांबायचं. पावडर कुठे जाईल? जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, कडेला. गोल फिरताना वस्तू बाहेर फेकली जाते. पावडर गेली मध्यावर, आणि तिथे तिचा ढीग झाला. घरी रोज चहा ढवळणाऱ्या मुली म्हणाल्या की हे तर आम्ही रोज बघतो, कधी लक्षच दिलं नाही.

याचं कारण अल्बर्ट आइनस्टाइनने १९२६ साली एका छोट्या लेखात मांडलं होतं, आणि लेखाचा विषय होता नद्यांची वळणं. फिरणाऱ्या पाण्याचा जोर बाहेरच्या बाजूला असतो, म्हणून तिथे पातळी किंचित चढते. तळाशी मात्र घर्षणामुळे पाणी मंद फिरतं, त्याचा बाहेर जायचा जोर कमी पडतो, आणि चढलेल्या पातळीचा दाब त्याला आत ढकलतो. वरून बाहेर, तळाने आत, असा आडवा फेरा सुरू होतो. नदीच्या वळणात हाच फेरा बाहेरच्या काठाचा माल तळातून आतल्या बाजूला नेतो. त्याचा मुलगा हान्स आल्बर्ट पुढे बर्कलीला प्राध्यापक झाला आणि नदीतल्या गाळाचं वहन हाच त्याचा आयुष्यभराचा विषय होता. बापाने ग्लासात बघितलं, पोराने नदीत. मुलांना हे फार आवडलं. दोघींनी घरी जाऊन आईला दाखवलं. एकीची आई म्हणाली, आधी चहा गाळ.

१६ जुलै

बेंदूर झाला. मातीचे बैल करून उरलेली काळी चिकणमाती घराघरात पडून होती, ती मागवली. दोन घमेली जमली, वर तीन बैल, शिंगं मोडलेले.

पन्हळीचा तुकडा घेऊन त्यात तीन ठिगळं थापली: काळी माती, वाळू, बारीक खडी. वरून हळूहळू धार वाढवत न्यायची. आधी अंदाज: कोण पहिलं वाहून जाईल? बेचाळीसपैकी एकतीस जणांचं म्हणणं, माती. तिचे कण सगळ्यात बारीक. पहिली गेली वाळू. मग खडी हलायला लागली. माती धार पूर्ण सोडली तरी तशीच, फक्त वरून जरा चकचकीत झाली.

फिलिप युलस्ट्रोम नावाच्या स्वीडिश भूगोलतज्ज्ञाने १९३५ साली हीच गोष्ट आलेखात मांडली. उचलायला सगळ्यात सोपी मध्यम-बारीक वाळू. त्याहून जाडं ते जड म्हणून अवघड, त्याहून बारीक ते चिकट म्हणून अवघड. पण एकदा का चिकणमाती उचलली गेली, की ती खाली बसायला महिनोन्महिने तयार नसते. आमची ५ जुलैची बिनमिठाची बाटली अजून खिडकीत आहे, आणि अजून गढूळ आहे.

कोपऱ्यातल्या चौकटीखाली कुणीतरी खडूने लिहिलंय: 'काठ चिकट पायजे.'

१८ जुलै

चिकट काठ करून पाहिला. पाटात वळणदार पात्र कोरून दोन्ही बाजूंना चिकणमाती थापली. नदी जागची हलेना. वळण जसं कोरलं तसंच, पाऊण तास. नदी कसली, गटार झालं. मग वाळूत तिसरा हिस्सा माती कालवली. आता बाहेरच्या वळणावर पाण्याने काठाचं पोट खाल्लं, वरचा भाग छज्ज्यासारखा लोंबला, आणि पाच-सहा मिनिटांनी ढेकळासकट बदकन खाली. तो मागच्या वर्षीचा मुलगा (आता दहावीत आहे, पण मधल्या सुट्टीत येतो) एवढंच म्हणाला, "अस्संच पडतंय."

पण ढेकळं पडून पडून पात्र रुंदच होत गेलं. भरता काठ काही त्या वेगाने भरत नव्हता. पुन्हा पसरट.

२१ जुलै

रविवारभर मोबाइलवर शोधाशोध. समाधान वाटलं ते असं, की आमच्याआधी मोठमोठ्या प्रयोगशाळाही इथेच अडकल्या होत्या. वाळूच्या पाटात नदी वेण्या घालते. टिकणारी वळणं तिला घालायला लावणं अवघड. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना ते जमलं. त्यांनी पाटात अल्फाल्फाचं बी पेरलं. कोंबांच्या मुळांनी काठ धरले, बारीक कणांनी आतल्या काठामागच्या फटी बुजवल्या, आणि वळणं मोडून न पडता सरकत राहिली.

अल्फाल्फा म्हणजे काहीतरी विलायती असणार, बी ऑनलाइन मागवावं लागणार, म्हणून किंमत बघायला गेले. फोटो पाहिला आणि कपाळावर हात मारला. लसूणघास! आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या गोठ्यात रोज सकाळी पडतो तो.

२२ जुलै

वर्गात नुसतं "लसूणघासाचं बी कोण आणेल?" म्हटलं. अकरा हात वर. दुधाचा धंदा असलेल्या घरातली एक मुलगी कधी बोलत नाही, ती उभी राहून म्हणाली, "मॅडम, आमच्या आज्ज्यानं नदीच्या कडंला घासच लावलाय. तिथली कड ढासळत नाही. शेजारच्यांचा ऊस अगदी कडंला आहे, त्यांची दर वर्षी जाते."

महिनाभर हे उत्तर तिसऱ्या बाकावर बसलेलं होतं. मी कॅलिफोर्नियाला जाऊन आले.

पेरलं. पाटाच्या वरच्या अर्ध्या भागात वळणाच्या दोन्ही काठांवर दाट, खालचा अर्धा भाग तसाच बोडका. वाळूत माती थोडी. पाणी फक्त शिंपडायचं.

२६ जुलै ते ३० जुलै

नोंदी एकत्र, कारण शाळा दोन दिवस बंद होती. नदी पात्राबाहेर आली, मळीत पाणी. इथल्या मुलांना सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे तोंडपाठ: चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, आणि २०१९ साली सत्तावन्नच्या वर. यंदा तशी वेळ आली नाही. शिपाईमामा रोज येऊन पाटावर पाणी शिंपडून जात होते. मी सांगितलं नव्हतं.

कोंब दीड-दोन सेंटिमीटर.

४ ऑगस्ट

बारा दिवसांचा घास, चार बोटं उंच. एक फरशी उतार, तोटी अर्धी. काठाच्या ओळीवर अगरबत्तीच्या काड्या रोवल्या, दर दहा सेंटिमीटरला एक, म्हणजे काठ किती सरकला ते काडीपासून मोजता येईल.

पहिली वीस मिनिटं वरच्या भागात काहीच घडलं नाही आणि वर्ग कंटाळला. खालच्या बोडक्या भागात नेहमीची पळापळ: काठ गेले, बेटं आली. मग वरच्या वळणावर, पाण्याच्या रेषेखाली, मुळांच्या खालून वाळू निघायला लागली. मुळांचं जाळं पडद्यासारखं लोंबत राहिलं आणि पात्र तिथे खोल झालं. डोह! वाळूच्या इतक्या प्रयोगांत डोह एकदाही झाला नव्हता. समोर भरत्या काठाला बारीक वाळूची चंद्रकोर साठली आणि पाणी ओसरल्यावर ती कोरडी वर राहिली.

चाळीस मिनिटांनी मोजणी. घासाच्या भागात खचता काठ सर्वांत जास्त सरकला तो साडेतीन सेंटिमीटर, पात्राची रुंदी जवळपास आधीइतकीच. बोडक्या भागात काठ अकरा सेंटिमीटर गेला आणि तीन काड्या वाहून गेल्या. वरच्या भागात एक धार, खालच्या भागात पाच. एकाच पाटात, एकाच पाण्यावर.

एकाने विचारलं, मग नालाकृती सरोवर, म्हणजे नदीने तोडून मागे सोडलेलं वळण, कधी होणार? म्हटलं, आपल्या पाटात बहुधा नाहीच, आणि कृष्णेकाठीही शोधू नका. बिहारात बेगूसरायजवळ काबरताल आहे, बूढी गंडक नदीने सोडलेल्या वळणाचं. तिथला गाळ खोल आणि नदी मोकळी. दख्खनच्या नद्या जुन्या घट्ट काठांत खोल उतरून बसल्यात. कृष्णेच्या पात्रात कितीतरी ठिकाणी कातळ उघडा आहे. "म्हणजे चष्म्यापर्यंत पोचल्यात," मागून कुणीतरी पूर्ण केलं.

९ ऑगस्ट

पाणी उतरलं, म्हणून नदीवर गेलो. पालकांची संमतीपत्रं, सोबत मामा आणि दोन सर, आणि पाण्याच्या जवळ जायचं नाही ही अट. कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळे ही अट मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

उसाच्या फडाखालचा काठ उभा कापलेला, दोन पुरुष उंच. त्यात थर स्पष्ट: जाडसर वाळू, वर बारीक पोयटा, वर पुन्हा वाळू. प्रत्येक जोडी म्हणजे एक पूर असेलच असं नाही, हे सांगितलं, तरी मुलांनी मोजायला घेतलेच. उसाची मुळं वरच्या हात-दीड हातात संपलेली, खालची माती मोकळी. कडेच्या सरीचा शेवटचा ऊस अर्धा हवेत. पुढे दुधाचा धंदा असलेल्या घरातल्या त्या मुलीच्या आज्ज्याचा घास. तिथे काठ उतरता, हिरवा, आणि धडपणे जागेवर. उसाची आणि घासाची मुळं किती खोल जातात हे आज्ज्याने कुदळीने उकरून दाखवलं. लसूणघासाचं सोटमूळ निघता निघेना, ते अर्ध्यातच तोडलं.

फक्त घासामुळेच काठ टिकलाय असं मी लिहिणार नाही. त्याची जागा वळणाच्या जरा खालच्या अंगाला आहे, तिथे धारेचा मारा कमी. हे आज्ज्यालाही पटलं, पण त्याने ते फार मनावर घेतलं नाही.

१४ ऑगस्ट

चाचणी. शब्द न वापरता नुसतं चित्र दिलं, वळणावर दोन खुणा: कुठला काठ खचेल, कुठला भरेल, का? बेचाळीसपैकी अडतीस बरोबर. "का" लिहिताना चहाचा ग्लास काढणारे सतरा.

पण पाटाने काही गैरसमजही पेरलेत, ते नोंदवते. चार जणांनी लिहिलं की काठ दहा मिनिटांत खचतो. दोघांच्या मते नदीचा तळ कधीतरी संपतो आणि खाली 'चष्मा' लागतोच. गंगेच्या मैदानात गाळ किती खोल आहे हे सांगायचं राहिलं. एकाने पुराचं कारण 'तोटी जास्त उघडल्यामुळे' असं लिहिलं. त्याला चूक द्यायची की धरणाच्या संदर्भात अर्धा गुण, यावर स्टाफरूममध्ये वाद झाला. अर्धा दिला.

२१ ऑगस्ट

सकाळी आले तर पाटात शेळी. फाटक उघडं राहिलं होतं. लसूणघास तिने पार बुडख्यापर्यंत खाल्लेला, आणि वर पाट हा तिच्यासाठीच मांडलाय अशा थाटात रवंथ करत उभी. मुलं चिडली. मी म्हटलं, चिडताय काय, तोटी उघडा.

तीच अर्धी तोटी, तोच एक फरशी उतार, नव्या काड्या. पाला नाही, नुसती मुळं. चाळीस मिनिटांत वरच्या वळणावरचा काठ चार सेंटिमीटर सरकला. पाल्यासकट होता तेव्हा साडेतीन. एवढ्या फरकाला मोजणीतली चूकही पुरते.

घास आता पुन्हा फुटतोय. पाणी द्यायचं बंद करून मुळं वाळू दिल्यावर काय होतं ते बघायचं मुलांच्या मनात आहे. शेळीवाल्या मुलाला पहिल्या धारेला तोटी उघडायचा मान दिला आहे.